खिडकीकडची रिळं

थोरल्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी, एका गुरुवारी सकाळी मी धाकट्या बहिणीच्या जिन्यात चौदाव्या पायरीवर कंबर धरून उभा होतो. वरून उचलबाईनं डोकं खाली काढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, दम नंतर खा. कचेरीतनं मॅडम आल्यात. रिळं मोजतायत."

उचलबाई म्हणजे माझ्या बहिणीची मदतनीस. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास यायची. बहिणीला खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत खुर्चीत, असं उचलून ठेवायचं हे तिचं काम. नाव धाकटीनं ठेवलेलं. "ताई, लोकांना वाटेल मी चोरबिर आहे," म्हणून ती आधी रुसली होती, मग त्याच नावानं ओ द्यायला लागली. तिचा पगार अपंगांना भत्ता देणारी सरकारी कचेरी द्यायची.

मला पुढच्या आठ पायऱ्या कशा चढलो ते आठवत नाही. आम्ही अकरा वाजता मास्तरला बोलावलं होतं. मास्तर म्हणजे सूट शिवणारा शिंपी, धाकटीला काम देणारा. तो हातगाडी घेऊन येणार होता, ती सगळी रिळं न्यायला. आणि आता सव्वादहा झाले होते.

हे सगळं कसं झालं ते आधी सांगतो.

धाकटी माझी पाठची बहीण. अकराव्या वर्षी तापात तिचं कमरेखालचं अंग गेलं. हात राहिले, आणि ते हात असे होते की बघत राहावं. ती कोटाची काजं करायची. मशीनवर काज मारणारे गल्लोगल्ली होते. रेशमी दोऱ्यानं हातानं काज भरणारं आमच्या भागात तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. काज झालं की डोळे मिटून त्यावरनं बोट फिरवायची. कुठं खरखरीत लागलं तर सगळं उसवून परत. मी गवंडी. मी म्हणायचो, "अगं, भिंत एवढ्या तेवढ्यावर पाडत नाहीत." ती म्हणायची, "तुझी भिंत कुणी छातीवर घालून लग्नाला जात नाही, दादा."

कचेरीचा नियम असा होता. भत्ता हवा, मदतनीस हवी, तर तुमच्या नावावर दोन हजारांच्या वर काही असता कामा नये. खात्यात नको, डब्यात नको, सोन्यात नको. थोडं कमवायची मुभा होती. साठवायची नव्हती. दोन हजारांच्या वर एक जरी निघाला तरी भत्ता बंद, आणि भत्त्यामागोमाग उचलबाई बंद. मग गावाबाहेरचं मोठं घर, एका खोलीत सोळा खाटा. धाकटी एकदा बघून आली होती. तिनं एवढंच सांगितलं, "तिथं उजेड नाही. काजाला उजेड लागतो."

मी अक्षरं शिकलो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तीही तिच्याकडून. ती काज भरता भरता माझ्याकडून वाचून घ्यायची आणि चुकलो की सुई दाखवायची. वाचता यायला लागल्यावर मी पहिल्यांदा जे धडपणे वाचलं ते कचेरीचं नियमांचं पत्रक. ओळीवर बोट ठेवून एक अख्खी दुपार वाचत बसलो. त्यात एक ओळ सापडली: हाताच्या धंद्याला लागणारं साहित्य मालमत्तेत धरलं जाणार नाही. मी तिच्या खाटेजवळ गेलो आणि म्हणालो, "धाकटे, पैसे ठेवू नकोस. दोरा घेऊन ठेव. दोरा कुठं जातो? लागेल तेव्हा विकता येईल." तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाली, "वाचलंस खरं तू."

आठ वर्षं ती दर महिन्याला बारा-तेरा रिळं जास्तीची घेत गेली. भिंतीतल्या कपाटात रिळं, खाटेखालच्या ट्रंकांत रिळं, खिडकीशेजारच्या फळीवर रिळं. बाराशे झाली.

ती का साठवत होती ते त्याआधीच्या साली ठरलं होतं. जिन्याखालच्या मीटरनं पेट घेतला होता. आग मोठी नव्हती, पण धूर होता. दोन्ही मजल्यांवरची माणसं मिनिटात खाली. रस्त्यावर उभं राहून लोकांनी एकमेकांची पोरंबाळं मोजली, आणि मग कुणाला तरी आठवलं की वर एक बाई आहे. उचलबाई त्या वेळी घरी गेलेली. मी पोचलो तेव्हा धाकटी खुर्चीत बसून होती, ओला टॉवेल तोंडाला लावून. हातातलं काज तिनं पुरं केलं होतं. मला म्हणाली, "कोटवाल्याची काय चूक?" पण त्या रात्रीपासून ती दाराला कडी लावून झोपली नाही. मला म्हणाली, "मला खालची खोली हवी. रस्त्याला दार असलेली. मी माझी मी बाहेर पडेन अशी."

खालची खोली तिला आता मिळाली होती. दोन गल्ल्या सोडून, एकच पायरी, आणि त्या पायरीला मी उतार बांधून देणार होतो. घरमालक अनामत मागत होता सात हजार. राहत्या जागेची अनामतही कचेरी धरत नव्हती, ते मी वाचलं होतं. मास्तर सगळी रिळं सात हजाराला घ्यायला तयार झाला होता. पैसे धाकटीच्या हाताला लागायचे नव्हते. मास्तरनं थेट घरमालकाला द्यायचे. घरमालक म्हणाला होता, "गुरुवारी बारापर्यंत थांबतो. नंतर दुसरा उभाच आहे."

तर मी वर पोचलो.

मॅडम तिशीच्या असाव्यात. पायात साधे बूट, हातात पाठीला फळी लावलेले कागद. त्या कपाटासमोर उभ्या होत्या. धाकटी खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर काळा कोट. सुई चालू होती.

"हा माझा दादा," ती मान वर न करता म्हणाली.

"बसा," मॅडम मला म्हणाल्या. जसं काही घर त्यांचं. मी बसलो.

"ट्रंकेत किती म्हणालात?"

"तिन्हींत मिळून सहाशे," धाकटी म्हणाली.

"कपाटात चारशे. इथं फळीवर?"

"दोनशे."

मॅडमनी फळीवरचं एक रीळ उचलून तळाची किंमत बघितली. "सहा. बाराशे गुणिले सहा. सात हजार दोनशे." त्यांनी ते लिहिलं. लिहिताना त्यांना बरं वाटत होतं असं नाही. मी माणसं बघितली आहेत. त्यांना बरं वाटत नव्हतं.

"मॅडम," मी म्हणालो, "ते धंद्याचं साहित्य आहे. ते धरत नाहीत. मी पत्रक वाचलंय."

"वाचलंय?"

"मी स्वतः वाचलंय. सातव्या ओळीत आहे."

त्यांनी पिशवीतून पत्रक काढलं. तेच, पिवळट कागदाचं. माझ्यासमोर धरलं. "सातवी ओळ. बरोबर. आता उलटा."

मी उलटलं. मागेही छापलेलं होतं. मी ओळीवर बोट ठेवून पहिलं अक्षर लावेपर्यंत मॅडमनीच वाचलं. धंद्याचं साहित्य तीन महिन्यांच्या गरजेपुरतं. त्यावरचं सगळं मालमत्तेत.

"महिन्याला किती रिळं लागतात तुम्हाला?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"बारा."

"म्हणजे छत्तीस. उरलेली अकराशे चौसष्ट."

मोरीत उचलबाई बादली ठेवत होती, तिनं ती अर्ध्यावरच धरून ठेवली. मी आठ वर्षं त्या कागदाची एक बाजू वाचून छाती काढून हिंडत होतो. भिंत बांधताना मी दोन्ही बाजूंनी ओळंबा लावतो, आणि कागद उलटून बघायचं मला सुचलं नव्हतं. धाकटीनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं दोरा दातानं तोडला, कोट घडी करून बाजूला ठेवला.

"मॅडम," ती म्हणाली, "किंमत कशाची धरता? दोऱ्याची का रिळावर लिहिलेल्या आकड्याची?"

"विकला तर जे येईल त्याची."

"विकला तर. बरं."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मास्तरची पावलं मला ओळखू येतात. तो एक पाय जरा ओढतो. अजून पावणेअकराच वाजले होते. लवकर आला होता. मी उठायला गेलो. धाकटी म्हणाली, "बस, दादा."

मास्तर दारात आला, गळ्यात टेप, कपाळावर घाम. "ताई, गाडी खाली लावलीय. दोन माणसं आणलीत. कुठून सुरू..." तेव्हा त्याला मॅडम दिसल्या.

"आपण?" मॅडम.

"मी... शिंपी आहे. ताईंना काम देतो."

"गाडी कशाला?"

मास्तरनं धाकटीकडे बघितलं. तो सरळ माणूस. त्याला खोटं बोलताच येत नाही. गिऱ्हाईक जाड झालं तर त्याच्या तोंडावर सांगतो.

"मी सांगते," धाकटी म्हणाली. "हा दोरा मी मास्तरला विकणार होते. घेणारा समोर उभा आहे, मॅडम. त्यालाच विचारा किंमत."

मॅडमनी कागदावरची पेन्सिल थांबवली.

धाकटीनं हात लांब करून खिडकीकडच्या फळीवरचं एक रीळ घेतलं. गर्द निळं. मास्तरकडे टाकलं. "बघा मास्तर. तुम्ही दोरा बघता तसा बघा."

दोरा बघायची शिंप्यांची एक रीत आहे. हातभर दोरा सोडायचा, दोन्ही हातांच्या बोटांभोवती दोन-दोन वेढे द्यायचे आणि झटका द्यायचा. चांगला दोरा बोटाला कापतो, पण तुटत नाही. मास्तरनं वेढे दिले, झटका दिला. दोरा तुटला. आवाजसुद्धा झाला नाही. जळक्या कागदासारखा तुटला.

मास्तरनं बोटांकडे बघितलं. पुन्हा वेढे दिले. पुन्हा तुटला. तो पुढे आला, फळीवरचं दुसरं उचललं, तपकिरी. तुटला. तिसरं. तुटला. प्रत्येक वेळी त्याचं तोंड जास्त लाल होत होतं.

"ताई, हे काय आहे?"

"दोरा आहे."

"परवा मी आलो तेव्हा दाखवला तो असा नव्हता. मी स्वतः ओढून बघितला होता."

परवा तिनं कपाटातला दाखवला होता. धाकटी एक शब्द बोलली असती, कपाटातलं बघा म्हणाली असती, तर मास्तरसमोर तिची लाज राहिली असती आणि कचेरीत सगळं गेलं असतं.

"म्हणजे मला दाखवायला चार चांगली वर ठेवली होती," मास्तर म्हणाला. आवाज खाली आला होता. ओरडला असता तर बरं होतं. "वीस वर्षं मी तुमच्या काजाकडं न बघता कोट पोचता केला, ताई. न बघता."

"हो," धाकटी म्हणाली.

"हो काय?"

"तुम्ही म्हणता तेच, मास्तर."

मॅडमनी विचारलं, "तुम्ही हा माल काय भावानं घ्याल?"

"हा? फुकट दिला तरी न्यायचा नाही. कुणाच्या कोटाचं बटण चारचौघांत गळलं तर नाव माझं जाईल."

"सगळा असाच आहे?" मॅडम कपाटाकडे वळल्या. त्यांचा हात कपाटाच्या दाराला लागला. उचलबाईच्या हातातली बादली खाली टेकली.

"ते सगळं याच्या आधी घेतलेलं," धाकटी म्हणाली.

"म्हणजे याहून जुनं?"

"याहून जुनं."

ते खरं होतं. ती त्या दिवशी एक शब्द खोटं बोलली नाही, हे मी शपथेवर सांगेन. मॅडमनी हात मागे घेतला. घड्याळ बघितलं. त्यांना अजून चार घरं करायची होती. त्यांनी सात हजार दोनशे खोडलं आणि बाजूला शून्य लिहिलं.

मास्तर तोवर दाराबाहेर गेला होता. जिन्यातून त्याचा आवाज आला, खालच्या माणसांना सांगत होता, "चला, गाडी रिकामी न्या."

"इथं सही," मॅडम म्हणाल्या. मग पेन पुढे करता करता थांबल्या. "ताई, एक सांगते. मी शून्य लिहिलंय. पुढच्या तपासणीत यातलं काही विकलेलं दिसलं, तर शून्य खोटं ठरेल. मग भत्ता तर जाईलच, मागचाही वसूल करतील."

"कळलं."

"तुमची काजं सुंदर आहेत," त्या म्हणाल्या, आणि जरा लाजल्या, आणि गेल्या.

मी कपाटाकडे गेलो. मधल्या खणातलं एक रीळ काढलं, हातभर सोडलं, वेढे दिले, झटका दिला. माझ्या बोटात दोरा रुतला. रक्त आलं. मी ट्रंकेतलं काढलं. तेही तसंच. गवंड्याच्या बोटाला कापतो म्हणजे काय दोरा असेल.

"धाकटे," मी म्हणालो, "हे तर सगळं ठणठणीत आहे."

"हजार ठणठणीत आहेत. फळीवरची दोनशे उन्हानं गेली. रेशमाला ऊन चालत नाही."

"तुला माहीत नव्हतं? काजवाली तू."

"मीच ठेवली उन्हात. मुद्दाम. दोन वर्षं पडदा लावला नाही." ती सुईत दोरा ओवायला लागली. "कधी ना कधी कुणीतरी येणार होतं. सगळी गमावण्यापेक्षा दोनशे बरी. विमा म्हण. मास्तरला ती वगळायला सांगणार होते, आजच्या भावानं हजारांचेच सात हजार होतात."

"कुणीतरी येणार हे तुला कसं..." मी म्हणालो आणि मला उमगलं. "तू मागची बाजू वाचली होतीस."

"दुसऱ्या वर्षी वाचली. तोवर तीनेकशे झाली होती."

"मग मला बोलली का नाहीस?"

तिनं ओवलेली सुई कोटाच्या कडेला टोचून ठेवली. "अठ्ठेचाळीस वर्षांत तू पहिल्यांदा मला काही वाचून सांगितलं होतंस. आणि दुसरा मार्ग तरी कुठं होता? खात्यात ठेवले असते तर दुसऱ्याच महिन्यात गेले असते."

"मी जातो मास्तरकडं. त्याला सांगतो खरं काय ते. तो कपाटातलं घेईल, अजून बारा वाजले नाहीत."

"आणि पुढच्या तपासणीला कपाट रिकामं दिसेल. अकराशे चौसष्ट रिळं शून्याला. ती आता विकायची नाहीत, दादा. कधीच नाहीत. ते शून्य आता सांभाळायचंय."

"निदान त्याला सांगू दे. तो तुला चोर समजून गेलाय."

"त्याला सांगशील, आणि उद्या कचेरीनं त्याला विचारलं तर? त्याला खोटं बोलता येतं का? त्यानं एकदा खरं बोलून मला वाचवलंय. दुसऱ्या वेळी खरं बोलून बुडवेल."

उचलबाई पदरानं तोंड पुसत मोरीतून आली. "ताई, वेळ झाली. खाटेवर ठेवू का खुर्चीतच?"

"खुर्चीतच. कोट द्यायचाय उद्या."

"तो घेईल का कोट?"

"कोट गिऱ्हाइकाचा आहे गं."

मी खाली उतरलो आणि घरमालकाकडे गेलो. त्याला म्हणालो, खोली नको. त्यानं विचारलं, का? मी म्हणालो, जमलं नाही. तो म्हणाला, आधी सांगायचं होतंत. संध्याकाळी तिथं चष्मे दुरुस्त करणाऱ्यानं टेबल मांडलं.

मास्तर सव्वा महिना आला नाही. मग आला, कारण तशी काजं दुसरं कुणी करत नव्हतं. कोटांच्या पिशवीत त्यानं आपला दोरा पाठवायला सुरुवात केली, एका कोटाला लागेल तेवढा मोजून. वर चिठ्ठी: काम याच दोऱ्यानं करणे. पोचते झालेले कोट तो आता उजेडात धरून बघायचा, एकेक काज ओढून. धाकटीनं तक्रार केली नाही. पहिली चिठ्ठी वाचली तेव्हा मात्र ती दुपारभर माझ्याशी बोलली नाही, आणि उचलबाईवर उगीच खेकसली.

कपाटातला दोरा तिनं फुकट वापरला. गल्लीत कुणाचा शर्ट, कुणाच्या पोराचा गणवेश, कुणाच्या म्हाताऱ्याचा गरम कोट. लोक म्हणायचे, उतारवयात हात मोकळा झालाय. बटणं मात्र एकाचीही गळली नाहीत. तपासणीवाले नंतर दोनदा आले. शून्य होतं ते शून्यच राहिलं. उचलबाई शेवटपर्यंत येत राहिली. मी त्या जिन्याच्या तळाशी मीटरभोवती विटांचं बांधकाम करून लोखंडी दार बसवलं, माझ्या पैशानं. दुसरं मला काही करता आलं नाही.

ती गेली तेव्हा स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर बसेना. आम्ही तिला खुर्चीसकट उतरवलं, चौघांनी. पुढून उचलबाई आणि मी, मागून शेजारचा आणि मास्तर. वळणावर मास्तरनं सगळा भार स्वतःच्या अंगावर घेतला आणि म्हणाला, "सावकाश, ताईला लागेल." त्याला खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नव्हतं.

धाकटी त्या गुरुवारनंतर सहाव्या वर्षी, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, सकाळी नऊ वाजता, दुसऱ्या मजल्यावर वारली. तिला चौपन्नावं चालू होतं.